क्लचचं पेडल वर येत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

पेडल अडकतंय म्हणून गॅरेजात गेलं की बरेचदा बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो: ‘क्लच प्लेट गई भिया, गिअरबॉक्स उतारना पड़ेगा.’ गाडी नवी-नवी हाताळणारा माणूस मान डोलावतो, कारण पुढे काय विचारायचं हेच त्याला ठाऊक नसतं. प्लेट, म्हणजे इंजिनचा जोर गिअरबॉक्सला जोडणारी चकती, झिजते हे खरंच आहे. पण झिजलेल्या प्लेटची लक्षणं वेगळी असतात. इंजिन ओरडतं आणि गाडी त्या मानाने पळत नाही, चढावर जळका वास येतो. पेडल फार तर जड होतं, पण वर येतं. ते मध्येच अडत असेल, खालीच बसून राहत असेल किंवा रेंगाळत वर येत असेल, तर दोष बहुधा प्लेटच्या अलीकडे असतो. पाय आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ज्या चार-पाच वस्तू आहेत त्यांतलीच एखादी नाटक करत असते, आणि त्यातल्या बहुतेक टॉर्च, एक पाना आणि पेडल दाबायला घरातलं कुणीतरी एवढ्या भांडवलावर तपासता येतात.

तपासणीला गाडी सपाट जागी लावा. इंदूरच्या रामबागेतल्या गल्लीत एका बाजूला नाली आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची स्कूटर अशा ठिकाणी हे करू नका. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा आणि वेगळं सांगितलेलं नसेल तिथे इंजिन बंद ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असली तरी.

रस्त्यातच अडकलं तर

राजवाड्याच्या गर्दीत पेडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं, तर आधी ब्रेक, मग हॅझर्ड लाइट. पेडल खाली असताना क्लच बरेचदा सुटलेलाच (इंजिन चाकांपासून वेगळं झालेलं) असतो, त्यामुळे गिअर न्यूट्रलला सहज येतो. नंतर बुटाचं टोक पेडलच्या खालून घालून ते वर उचला. गाडी चालती असताना वाकून हाताने पेडल ओढायला जाऊ नका.

उचलताना काय जाणवलं ते मात्र लक्षात ठेवा. पेडल अगदी हलकं, कसलाही विरोध न करता वर आलं आणि पुन्हा दाबलं तर तसंच पोकळ खाली गेलं, तर संशय क्लचच्या तेलाच्या दाबावर किंवा सुटलेल्या केबलवर घ्यायचा (काही गाड्यांत क्लच तेलावर चालतो, काहींत केबलवर; ते पुढे येतंच). उचलायला जोर लागला, किंवा खरवडत, खटके खात वर आलं, तर काहीतरी लोखंड लोखंडाला अडतंय. पुढची निम्मी तपासणी या एका अनुभवाने वाचते.

पेडल दाबूनही क्लच सुटतच नसेल आणि गाडी कडेला घ्यायची असेल, तर इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका आणि चावी फिरवा. गाडी स्टार्टरच्या जोरावर धक्के खात सरकते. समोर रस्ता मोकळा असेल तेव्हाच आणि थोड्या अंतरापुरतंच हे करायचं. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, त्यामुळे तिथे पेडल तळाशी असेल तरच ही युक्ती चालते. खंडवा रोडला भेरूघाटासारख्या उतारावर असं झालं तर मात्र गिअर काढूच नका. आहे त्या गिअरमध्ये, ब्रेक सांभाळत, जागा दिसेल तिथे थांबा.

नेमकं काय होतंय

‘पेडल जाम आहे’ एवढ्याने कुणालाच काही कळत नाही. कुठे अडतं? तळाशी, मध्ये, की शेवटच्या बोटभर अंतरात? आणि कधी? सकाळी पहिल्यांदा दाबताना त्रास होतो आणि नंतर सुटतं, तर गंज किंवा कोरडेपणा. मे महिन्याच्या दुपारी विजयनगर चौकात दोन-तीन सिग्नल झाले की पेडल मऊ पडतं, तर क्लचच्या तेलाकडे बघा. पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी अडतं, तर केबलमध्ये पाणी शिरतंय. हे सगळं मोबाइलवर टिपून ठेवा, कारण गॅरेजात गाडी नेली की हमखास शहाण्यासारखी वागते.

आधी मॅट

हसू नका. ड्रायव्हरकडची मॅट पुढे सरकून पेडलच्या मागे घुसते, नाहीतर तिची कड वर वळून पेडलला धरून ठेवते. वर दुसरी मॅट टाकायची हौस असेल तर हे व्हायचंच. मॅट पूर्ण बाहेर काढा आणि पेडल दाबून बघा. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली, मुलांचा चेंडू, आणि इंदूरची गाडी असल्यामुळे मूठभर शेव हेही तिथे सापडेल. शेवेने पेडल अडकत नाही, पण तिच्यामागे उंदीर येतो आणि तो वायरी सोडत नाही.

केबल की तेल

आता आपल्या गाडीत क्लच कसा चालतो ते शोधा. मारुती ८००, जुनी अल्टो, ओम्नी यांत केबल असते: सायकलच्या ब्रेकसारखी, आवरणात सरकणारी पोलादी तार. इनोव्हा, स्कॉर्पिओ, होंडा सिटी यांसारख्या गाड्यांत हायड्रॉलिक क्लच असतो. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ब्रेक ऑइल ढकलतो आणि त्या दाबाने गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवणारा काटा, म्हणजे फोर्क, हलवतो. खात्री नसेल तर बॉनेट उघडून गिअरबॉक्सवर बाहेर दिसणाऱ्या फोर्कच्या लिव्हरकडे बघा. तिथे तार येते की नळी, एवढं पाहिलं की कळतं. ब्रेक ऑइलच्या डब्यातून एक बारीक रबरी नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाताना दिसली, तरी उत्तर मिळालं.

पेडलच्या मुळाशी

ड्रायव्हरचं सीट पूर्ण मागे ढकला आणि टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला. अवघडलेली जागा आहे, मान धरते, पण इथे दहा मिनिटं घालवाच. पेडल ज्या पिनवर झुलतं तिथे बुश, म्हणजे पिनभोवतीच्या छोट्या नळकांड्या, असतात. पेडल हाताने डावी-उजवीकडे हलवा. फार खेळत असेल तर बुश झिजलेत, आणि तिरकं बसलेलं पेडल शेजारच्या पट्टीला घासतं. घासल्याची जागा चकचकीत दिसते, आजूबाजूला काळपट धूळ आणि मध्ये चांदीसारखी रेघ. बुश कोरडे असतील तर जुनं ग्रीस पुसून नवं थोडंसं लावा.

मग स्प्रिंग बघा. काही गाड्यांत पेडल वर खेचणारी साधी स्प्रिंग असते, ती तुटते किंवा आकड्यातून निसटते. काहींत मात्र तिची उलटी बहीण असते: पेडल अर्ध्याच्या पुढे गेलं की ही स्प्रिंग तुमच्या पायाला मदत म्हणून ते खालीच ढकलते. क्लचचा परतीचा जोर असतो तोवर ठीक. तो जोर नाहीसा झाला, म्हणजे तेल गळालं किंवा केबल सुटली, की हीच मदतनीस पेडलला तळाशी दाबून धरते. अशा गाडीत स्प्रिंग बदलून काही होत नाही. जोर कुठे गेला ते शोधावं लागतं.

केबलची गाडी असेल तर

केबलचं एक बरं असतं, ती मधून सोडवता येते, आणि कुठलाही अडकलेला माल शोधायचा तर साखळी मधून सोडणं हाच खरा मार्ग. गिअरबॉक्सच्या टोकाला केबल फोर्कच्या लिव्हरला नटाने जोडलेली असते. सोडवण्यापूर्वी नट कुठे होता याचा फोटो काढा किंवा बाहेर आलेले आटे मोजा. केबल सुटली की पेडल हाताने खाली-वर करा आणि मदतनिसाला तारेचं मोकळं टोक हलकं ओढून धरायला सांगा.

पेडल आणि तार मऊ सरकत असतील तर वरचं सगळं निर्दोष. दोष लिव्हरच्या पलीकडे. तार खरखरत, थांबत सरकत असेल तर केबल गेली. एवढ्या एका प्रयोगाने केबल बदलायची की गिअरबॉक्स उतरवायचा, हा मोठा प्रश्न सुटतो. दोन्हींच्या खर्चात किती फरक आहे ते कुठल्याही दुकानात विचारून बघा.

केबल गेली हे डोळ्यांनाही दिसतं. टोकाजवळ आवरण संपतं आणि तार उघडी होते, तिथे टॉर्च धरा. पिळाच्या बारीक तारांपैकी एखादी तुटून मिशीसारखी बाहेर आलेली असते. पेडल दाबलं की ती आवरणाच्या तोंडात शिरते, परत येताना तिथेच रुतते. बोट फिरवून बघायचा मोह होतो. फडक्याने बघा, बोटात शिरते. आवरणावरचं रबरी टोपण फाटलं असेल तर पावसाचं पाणी आत जातं, आणि मालव्यात चार महिने पाऊस झाल्यावर आत काय उरणार? केबल सायलेन्सरच्या पाइपाला टेकत असेल तर आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि गाडी तापली की पेडल अडतं. बॉनेटखाली कुणी काम करून केबल तिच्या जागेतून हलवली असेल आणि ती आता तीव्र वळण घेत असेल, तर नवी कोरी केबलही अडेल.

केबलमध्ये तेल सोडून गाडी हाकायचा सल्ला हमखास मिळतो. माझं मत: नको. आजच्या बहुतेक केबलींना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं, त्यांना तेल लागत नाही. तेलाला धूळ चिकटते आणि काही दिवसांत पुन्हा तोच प्रकार. डब्ल्यूडी-४० हा फवारा मारून घरी पोचता येतं, पुण्याला जाता येत नाही.

प्रयोगात वरचं सगळं निर्दोष निघालं, तर लिव्हर हाताने हलवा. सुरुवातीला जरा मोकळी हालते, मग जोरकस विरोध लागतो, सोडल्यावर झटकन परत येते, हे बरोबर. लिव्हर जिथे सोडाल तिथेच राहिली, तर तिचा दांडा गिअरबॉक्सच्या बुशमध्ये गंजून जाम झालाय किंवा आत रिलीज बेअरिंग (फोर्क ज्याला ढकलून क्लच सोडवतो ते) अडतंय. जुन्या छोट्या गाड्यांत हा दांड्याचा आजार बराच आढळतो. बाहेरून दिसतो त्या सांध्यावर गंज सैल करणारा फवारा मारून, थोडा वेळ थांबून, लिव्हर पुढे-मागे करून बघा. सुटला तर निदान पक्कं झालं. आतले बुश पुढे बदलावेच लागतील, पण कशासाठी पैसे देतोय ते तरी कळेल.

एक दुर्लक्षित जागा राहिली. केबल जिथे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यातून जाते तिथे बघत मदतनिसाला पेडल दाबायला सांगा. जुन्या गाडीत तो पत्राच आत-बाहेर होताना दिसला, तर तिथे तडा आहे. केबल कितीही बदला, पेडल सुधारणार नाही. तिथे वेल्डिंग लागतं.

तेलाची गाडी असेल तर

डब्यातली पातळी आधी. क्लच आणि ब्रेक यांचा डबा बऱ्याच गाड्यांत एकच असतो, म्हणून पातळी ‘मिन’च्या खाली गेली तर हा फक्त क्लचचा प्रश्न राहत नाही. गळती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. तेलाचा रंग बघा: नवं तेल फिकट पिवळसर असतं, चहासारखं काळपट झालं असेल तर ते जुनं आहे. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. स्लेव्ह सिलिंडर इंजिनाच्या उष्णतेत बसलेला असतो, तिथे ओल मुरलेलं तेल लवकर उकळतं आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल मऊ लागतं. उन्हाळ्यातल्या ट्रॅफिकमध्ये पेडल मऊ पडून सकाळी पुन्हा ठणठणीत होतं, त्यामागे हे जुनं तेल असू शकतं. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, आणि बहुतेकांच्या गाडीत ते कधीच बदललेलं नसतं.

डब्याच्या झाकणावर जे लिहिलंय तेच तेल घाला. इंजिन ऑइल, स्टीअरिंगचं तेल, घरातलं कुठलंही तेल चुकूनही नको. सिलिंडरांतले रबरी वॉशर त्याने फुगतात आणि मग पेडल खरोखरच जाम होतं. ब्रेक ऑइल रंगही खातं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

मग गळती शोधा. पेडलच्या वरच्या बाजूला मास्टर सिलिंडरचा दांडा पत्र्यातून आत येतो. त्याच्या रबरी टोपीवर बोट फिरवा. कोरडी धूळ लागली तर छान. बोट ओलसर, किंचित चिकट झालं आणि खालच्या गालिच्यावर काळा डाग असला, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत. स्लेव्हच्या टोपीचंही तसंच, तिची कड उचलली की आतून तेलाचा थेंब ओघळतो.

गळती नाही, तर इंजिन बंद ठेवून पेडल लागोपाठ सात-आठ वेळा दाबा. दरवेळी थोडं घट्ट आणि वर येत गेलं, तर नळीत हवा आहे. हवा काढून घ्यायची, पण ती शिरली कुठून हेही विचारायचं. ती आपोआप येत नाही.

मास्टर आतल्या आत गळत असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. समोर मोकळी जागा बघून इंजिन चालू करा, ब्रेक घट्ट दाबून धरा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका आणि अर्धा मिनिट पाय तसाच ठेवा. हळूहळू इंजिन दबल्यासारखं वाटलं, गाडी पुढे रेटू लागली, तर दाब टिकत नाहीये.

आता मजेशीर भाग. पेडल वर यायला वेळ लावतंय, पण तेल, गळती, हवा सगळं ठीक दिसतं. मदतनिसाला पेडल दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही स्लेव्हच्या दांड्यावर नजर ठेवा. झटकन बाहेर, झटकन आत, असं व्हायला हवं. आत यायला रेंगाळत असेल तर दांडा बाहेर असतानाच स्लेव्हवरचा हवा काढायचा निपल पाऊण आटा सैल करा. डोळ्यांवर चष्मा हवाच. तेलाची पिचकारी उडून दांडा लगेच परत गेला, तर क्लच निर्दोष आहे, तेलाला परतीची वाट मिळत नव्हती. रबरी नळी आतून सुजली असेल, बाहेरून ती अगदी नवी दिसते, किंवा मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र बुजलं असेल. निपल सोडूनही दांडा हलला नाही, तर स्लेव्हचा पिस्टन गंजलाय किंवा त्याच्या पुढचा फोर्क अडतोय. या प्रयोगानंतर हवा काढावी लागते, तेव्हा सवय नसेल तर तो गॅरेजात करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा.

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच, तो गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगला जोडून असतो. तो गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. तिथे मिस्त्री खरंच बोलतोय.

आतला दोष

वरचं सगळं तपासून झालं आणि काहीच सापडलं नाही, तर मात्र आत जायचं. रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिच्यावर खाच पडते. फोर्क वाकतो. प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं झिजतात किंवा एखादं तुटतं. क्लच दाबल्यावर घुर्र असा आवाज आणि सोडल्यावर शांतता, ही बेअरिंगची खूण आहे. गिअरबॉक्स एवीतेवी खाली आलाच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र बदलावीत. तिथे मजुरीच मोठी असते.

एक प्रकार यात धरू नका. गणपतीला पुण्याला गेलात, गाडी महिनाभर पावसात उभी, आल्यावर पेडल नीट वरखाली होतंय पण कुठलाच गिअर पडत नाही. ही अडचण पेडलची नसून प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, चिकटल्याची आहे. इंजिन बंद करून, चौथ्या गिअरमध्ये, क्लच दाबून, दोघांनी गाडी पुढे-मागे ढकलली तर बरेचदा सुटते.

गॅरेजात

‘क्लच देख लो’ म्हणू नका. ‘केबल खोलकर देखी, पेडल फ्री है, लिव्हर वापस नहीं आ रहा’ एवढं एक वाक्य बोला. समोरच्या माणसाचा सूर बदलतो, आणि चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतंही. काढलेला जुना भाग परत मागा. गाडी सेकंड-हँड असेल तर केबल किंवा सिलिंडर आधी कधी बदलला होता तेही सांगा.

नवी केबल बसल्यावर पेडल बोटाने दाबून बघा. वरचं थोडं अंतर सैल जायला हवं, बऱ्याच छोट्या गाड्यांत १० ते २५ मिलीमीटरच्या आसपास. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. अंतर अजिबात नसेल तर बेअरिंग सतत घासतं, फार असेल तर रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं. काही गाड्यांत हे अंतर केबल आपोआप जुळवते, तिथे नटाला हात लावायचा नाही. धुळ्याच्या बाजूने पुण्याला निघणार असाल तर मानपूरचा उतार आणि सेंधव्यापुढचा बिजासन घाट लागायच्या आधी, शहरातच दोन दिवस गाडी चालवून घ्या आणि हे अंतर पुन्हा एकदा मोजा. नवी केबल सुरुवातीला किंचित ताणते.